बोटभर रिकामा डबा

आमच्या स्वयंपाकघरात चहाच्या पावडरीसाठी स्टीलचा एक डबा आहे. माझ्या लग्नात आईने इतर भांड्यांबरोबर तो दिला होता आणि त्याच्या बुडाशी माझे नाव कोरलेले आहे. अर्धा किलोचे पाकीट त्यात ओतले की पावडर थेट काठाशी येते, झाकण बसावे म्हणून डबा ओट्यावर दोनदा हलकेच आपटावा लागतो, ही इतक्या वर्षांची सवय. मागच्या वर्षी एका सकाळी मी नेहमीप्रमाणे पाकीट ओतले आणि डबा आपटायला उचलला, तेव्हा लक्षात आले की आपटण्याची गरजच नाही. वर बोटभर जागा रिकामी होती. पाकिटात काही अडकले असेल म्हणून ते उलटे करून झटकले, आत हात घालून पाहिला. मग ते पाकीट उजेडात धरून वाचले. रंग तोच, चित्र तेच, उंची-रुंदी तीच आणि किंमतही मागच्या महिन्यातलीच. फक्त मागच्या बाजूला, खालच्या शिवणीजवळ, बारीक अक्षरांत निव्वळ वजन 450 ग्रॅम असे छापलेले होते.

महागाईबद्दल माझी तक्रार नाही, असे मी म्हणणार नाही. घर चालवणाऱ्या कोणालाही ती असतेच. पण भाव वाढणे आणि वजन घटणे या दोन गोष्टी मला सारख्या वाटत नाहीत, आणि हा सगळा लेख त्या फरकाबद्दल आहे. भाव वाढला की तो मला दुकानातच कळतो. मी कपाळाला आठी घालते, दुसरे पाकीट पाहते, किंवा यंदा अर्धा किलोऐवजी पाव किलोच घेऊ असे ठरवते. म्हणजे निर्णय माझ्या हातात राहतो. वजन घटते तेव्हा मला काहीच ठरवता येत नाही, कारण काही घडले आहे हेच मला ठाऊक नसते. महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी डबा तळाला जातो आणि मी घरातल्या माणसांवर चिडते की अलीकडे चहा फार होतो आहे. ते पाकीट लक्षात येईपर्यंत दोन महिने मी असे बोलले होते, आणि आज त्याचे मला वाईट वाटते.

आमच्या वाण्याकडे हा विषय काढला तेव्हा तो जे बोलला ते मला फार खरे वाटले. तो म्हणाला, "वहिनी, दोन रुपये भाव वाढला तर गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं, आणि वजन वीस ग्रॅम कमी झालं तर कोणी हूं का चूं करत नाही. कंपनीला ते ठाऊक आहे." गेली तीस वर्षे तो गल्ल्यावर बसतो आहे. गिऱ्हाइकाच्या नजरेला किंमत दिसते आणि वजन दिसत नाही, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

यामागचा हिशेब एकदा नीट मांडून पाहण्यासारखा आहे, कारण तो पहिल्या नजरेला फसवतो. समजा 100 ग्रॅमचे पाकीट 10 रुपयांना मिळत होते आणि आता त्याच 10 रुपयांत 80 ग्रॅम मिळते. वजन 20 टक्क्यांनी घटले, म्हणून आपण म्हणतो की वस्तू 20 टक्क्यांनी महागली. तसे नसते. आधी ग्रॅमला 10 पैसे पडत होते, आता साडेबारा पैसे पडतात. म्हणजे वस्तू 25 टक्क्यांनी महागली. घट जितकी मोठी, तितके हे अंतर वाढत जाते. वजन निम्मे झाले तर भाव दुप्पट होतो, म्हणजे घट 50 टक्के आणि महागाई 100 टक्के. आणि समजा वर्षभराने त्याच पाकिटावर पिवळ्या पट्ट्यात '20 टक्के जादा' असे ठळक अक्षरांत आले, तर 80 वर 20 टक्के म्हणजे 96 ग्रॅम होतात. ते जादा मिळूनही मूळच्या शंभरापेक्षा चार ग्रॅम कमीच, आणि तरीही आपण ते पाकीट आनंदाने उचलतो. घट छापली जाते मागे, शिवणीजवळ. वाढ छापली जाते पुढे, पिवळ्या पट्ट्यात. माझा आक्षेप नेमका या ठिकाणी आहे.

कंपन्यांची बाजू मला कळत नाही असे नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते, त्यामुळे जगात कुठेही काही बिनसले की त्याची झळ आपल्या कढईपर्यंत पोहोचते. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि सूर्यफुलाच्या तेलाची आवक अडली. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. पामतेल फक्त तळणीला लागत नाही, ते बिस्किटांत असते, फरसाणात असते, साबणात असते. म्हणून त्या उन्हाळ्यात या सगळ्याच वस्तूंना एकदम कात्री लागली. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या बातम्यांनुसार विमच्या दहा रुपयांच्या वडीचे वजन 155 ग्रॅमवरून 135 वर आले आणि हल्दीरामच्या दहा रुपयांच्या आलू भुजियाचे 55 ग्रॅमवरून 42 वर. वडीचा भाव ग्रॅममागे सुमारे 15 टक्क्यांनी चढला आणि भुजियाचा जवळजवळ 31 टक्क्यांनी, पण दोन्हींवर छापलेला आकडा दहाच राहिला.

तो दहाच का राहतो, यालाही कारण आहे. एक, दोन, पाच, दहा, वीस या किमती आपल्या हाताला बसलेल्या आहेत. चार आण्याचे नाणे 2011 च्या जूनअखेरीस चलनातून गेले, आठ आण्याचे कायद्याने चालू असले तरी दुकानात कोणी घेत नाही, आणि रुपयाच्या सुट्ट्यासाठी दुकानदार गोळी पुढे करतो. पाचाचे पाकीट सहाचे केले तर खेड्यातल्या दुकानात ते पडून राहण्याची भीती असते. थेट दहाचे केले तर घेणाऱ्याला झेपत नाही. मग पाचाचा आकडा कायम ठेवून आतला माल कमी करायचा, ही वाट उरते. आता भाजीवालीकडेही यूपीआयचा फलक लटकतो आणि साडेपाच रुपये देता येतात, पण मुलाच्या हातात पाचाचे नाणे देऊन त्याला दुकानात पाठवण्याची रीत काही बदललेली नाही.

या पाचाच्या आणि दहाच्या पाकिटांबद्दल मला अधिक वाटते, कारण तिथे ही घट सर्वांत जास्त बोचते. माझ्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी महिन्याचे सामान एकदम भरत नाहीत. त्यांना ते परवडत नाही. त्या संध्याकाळी परत जाताना दहाची चहापावडर, पाचाचा बिस्किटांचा पुडा, दोन रुपयांची शाम्पूची पुडी, असे रोजच्या रोज घेऊन जातात. एकदा सहज बोलता बोलता त्या म्हणाल्या, "ताई, आधी पुडा फोडला की तिन्ही नातवंडांना सारखी बिस्किटं यायची. आता धाकटीला एक कमी पडतं, म्हणून मी दोन पुडे नेते." त्यांनी वजन कधी वाचले नव्हते. त्यांनी बिस्किटे मोजली होती. पाच रुपयांचा खर्च दहावर गेला, आणि महागाईचे आकडे जाहीर होतात तेव्हा बिस्किटांचा पुडा पाचच रुपयांना आहे, असेच आपल्यासारखी माणसे एकमेकांना सांगत राहतात. माझ्याकडे डबा आहे, वजनकाटा आहे, दोन पाकिटे शेजारी ठेवून बघण्याइतका वेळ आहे. मावशींकडे यातले काही नाही, आणि त्यांच्या ताटातून जाणारा घास माझ्या ताटातल्या घासापेक्षा मोठा आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते मी मुद्दाम शोधून वाचले. वैधमापनशास्त्राचा, म्हणजे वजन-मापांचा, कायदा 2009 चा आणि आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंचे नियम 2011 चे. त्या नियमांना एक अनुसूची जोडलेली होती आणि चहा, कॉफी, बिस्किटे, खाद्यतेल, मीठ, साबण, धुण्याची पावडर अशा रोजच्या वापरातल्या वस्तू ठरावीक वजनांतच विकायच्या, असे तीत सांगितलेले होते. म्हणजे पाकिटे अर्धा किलो, पाव किलो, शंभर ग्रॅम अशा ओळखीच्या मापांतच येत. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि ही अनुसूची रद्द करण्यात आली. उत्पादकाला आता हव्या त्या वजनाचे पाकीट काढता येते. त्याच्या बदल्यात ग्राहकाला एक गोष्ट मिळाली: पाकिटावर एकक किंमत, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पैसे पडतात, हे छापणे बंधनकारक झाले.

कागदावर हा सौदा वाईट नाही. वजन काहीही असो, ग्रॅमचा भाव दिसला की तुलना करता येते. पण हे पाकीट हातात घेऊन प्रत्यक्ष पाहिले की अडचणी दिसू लागतात. एक तर ही किंमत बहुधा बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख यांच्याबरोबर, शाईच्या ठिपक्यांनी, चकचकीत प्लास्टिकवर छापलेली असते. पिशवीत दोन वस्तू एकमेकांवर घासल्या की अक्षरे पुसट होतात. माझ्या आईला चष्मा लावूनही ती वाचता येत नाहीत. दुसरे असे की एक किलोच्या आतल्या पाकिटावर भाव ग्रॅमचा द्यायचा आणि त्याहून मोठ्यावर किलोचा, असा नियम आहे. त्यामुळे लहान पाकिटावर 0.58 आणि मोठ्यावर 560 असे आकडे येतात, आणि कोणते स्वस्त हे कळण्यासाठी फळीसमोर उभ्या उभ्या हजाराने गुणावे लागते. शिवाय ग्रॅमचा भाव दोन दशांश स्थळांपर्यंतच दिलेला असतो. खरा भाव 0.576 असला किंवा 0.584 असला, तरी दोन्हीकडे 0.58 च दिसते, आणि या दोहोंत किलोमागे तब्बल आठ रुपयांचा फरक असतो. सगळ्या पाकिटांवर भाव शंभर ग्रॅमचा किंवा किलोचाच, एकाच मापात आणि किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत छापला, तर यातल्या बहुतेक अडचणी दूर होतील. त्यासाठी नवा कायदा नको, नियमातली दोन वाक्ये बदलली तरी पुरे.

आणि एकक किंमत कितीही ठळक छापली, तरी एक गोष्ट तिच्यातून कळत नाही: मागच्या महिन्यात ती किती होती. मी रोज भाव टिपून ठेवत नाही, कोणीच ठेवत नाही. फ्रान्समध्ये 1 जुलै 2024 पासून 400 चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना असा नियम लागू झाला आहे की वस्तूचे वजन घटून तिचा एकक भाव वाढला असेल, तर त्या वस्तूजवळ दोन महिने तसा स्पष्ट फलक लावायचा. दक्षिण कोरियानेही त्याच वर्षी उत्पादकांवर घट जाहीर करण्याचे बंधन घातले. या नियमांनी भाव कमी होत नाहीत, होणारही नाहीत. पण 'आधी 500 ग्रॅम, आता 450 ग्रॅम' एवढी एक ओळ वाचायला मिळते. आमच्या घरी ती वाचायला मिळाली असती, तर दोन महिन्यांची ती चिडचिड झाली नसती.

ही ओळ छापणे अवघड नाही, हे आपण नुकतेच पाहिले आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. बिस्किटे, साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला, फरसाणावरचा 12 वरून 5 वर. पाच-दहा रुपयांच्या पाकिटांची किंमत पैशांत कमी करणे अडचणीचे, म्हणून अनेक कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवू असे सांगितले, आणि ते सांगताना कोणालाही संकोच वाटला नाही. जाहिराती आल्या, बातम्या आल्या. वजन वाढते तेव्हा ते सर्वांना सांगण्याची सोय होते. मग घटते तेव्हाच ती का नसावी, या प्रश्नाचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

माझे माहेर डोंबिवलीचे. आई मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होती. 1975 साली सुरू झालेल्या या चळवळीचे वितरण त्या काळी आमच्या इमारतीत महिन्याच्या ठरलेल्या दिवशी होई. टेंपो आला की आम्ही मुले गॅलरीतून ओरडत असू, आणि मग खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या घरात सतरंजीवर साऱ्या बायका याद्या घेऊन बसत. डाळ, तांदूळ, गूळ, साबण यांची वाटणी होई, आणि एखादी पिशवी हाताला हलकी लागली तर ती तिथेच वेगळी ठेवली जाई. आईला हाताने वजनाचा अंदाज इतका अचूक येई की आम्ही भावंडे तिची परीक्षा घेत असू. 'मापात पाप नको' हे शब्द मी तिच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले आहेत. तेव्हा ते वाण्याच्या तराजूबद्दल असत, तागडीखाली चिकटवलेल्या चिंचेच्या गोळ्याबद्दल असत. आता तराजू अचूक आहे, पाकिटावर छापलेले वजन आणि आतले वजन ग्रॅमला ग्रॅम जुळते, कायद्याने बोट ठेवायला जागा नाही. आणि तरीही डबा रिकामा राहतो.

सगळ्यात मोठा चटका बसला तो तेलाचा, गेल्या दिवाळीच्या तोंडावर. आईची एक जुनी वही माझ्याकडे आहे. तिच्यात फराळाच्या सामानाचे एक पान आहे: भाजणी इतकी, रवा इतका, पिठीसाखर इतकी, आणि खाली 'तेल 3 पिशव्या'. आईच्या वेळी पिशवी म्हणजे एक लिटर, म्हणजे वजनाने सुमारे 910 ग्रॅम. त्या पानावर विसंबून मी दरवर्षी तीन पिशव्या आणते. यंदा शेव झाली, चिवडा झाला आणि चकलीचा निम्मा घाणा बाकी असताना कढईतले तेल तळाला गेले. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, पीठ मळून ठेवलेले होते. मी केराच्या डब्यातून तिन्ही पिशव्या काढून पाहिल्या. प्रत्येकीवर 800 ग्रॅम लिहिलेले होते. पिशवीची उंची लिटरच्या पिशवीइतकीच, फक्त रुंदीला किंचित निमुळती. तीन पिशव्यांत मिळून 330 ग्रॅम तेल कमी आले होते. दुकानात मी तिन्ही पिशव्यांचे भाव शेजारच्या पिशव्यांशी ताडून पाहिले होते आणि ही बारा रुपयांनी स्वस्त म्हणून उचलली होती. घरी आल्यावर हिशेब केला तेव्हा किलोमागे तीच महाग पडली होती.

तेलाच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. तेल तापले की फुगते आणि थंडीत आकसते, म्हणून लिटरच्या मापात नेमके किती ग्रॅम बसणार हे तापमानावर अवलंबून असते. काही कंपन्या पिशवीवर लिटर लिहिताना तापमान इतके वाढवून छापत की कमी वजनाच्या तेलातही लिटर पुरा दिसे. 2022 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून टाकून वजनही छापायला सांगितले आणि त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली. हे चांगले झाले. पण 750, 800, 850, 870 अशा वेगवेगळ्या ग्रॅमच्या, एकसारख्या दिसणाऱ्या पिशव्या एकाच फळीवर मांडलेल्या असतील, तर ते छापील वजन वाचूनही घाईतल्या माणसाला काय उमजणार? निदान तेल, चहा, मीठ, साबण या रोजच्या चार वस्तूंपुरती तरी जुनी ठरावीक मापे परत यावीत, असे मला मनापासून वाटते.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की छापलेल्या वजनापेक्षा माल कमी भरला आहे का. मी म्हटले, नाही, तेवढाच आहे. मग किंमत छापील किमतीपेक्षा जास्त घेतली आहे का? नाही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग मॅडम, यात तक्रार काय म्हणून लिहू?" तिचा दोष नव्हता. मी तिला म्हटले, एवढेच लिहा की आधीचे वजन पाकिटावर छापावे. तिने ते लिहून घेतले.

त्या रात्री चकलीसाठी शेजारच्या काकूंकडून वाटीभर तेल आणले. फराळ झाला. भाऊबीजेला आई आली तेव्हा मी तिला ती वही दाखवली आणि घडले ते सांगितले. तिने चष्मा पुसला, तिच्याच अक्षरातले ते पान बराच वेळ पाहिले आणि पेन मागितले. 'तेल 3 पिशव्या' यातले 'पिशव्या' खोडून तिने वर लिहिले: '2 किलो 750 ग्रॅम, मोजून.' मग मागची पाने उलटून तिने आणखी कुठे पाकीट, पुडा, वडी असे शब्द आहेत ते शोधायला सुरुवात केली, आणि आम्ही दोघी वजनकाटा ओट्यावर घेऊन बसलो.